एकाचा नेम, दुसऱ्याची झेप

सुट्टी लागली की घरोघरी कार्टूनवरून कुरबुर सुरू होते. ‘त्या मारामाऱ्या काय बघता?’ असं आपण सहज म्हणून जातो. पण कधीतरी मुलांशेजारी बसून बघा.

जपानचे युगो साको आणि मुंबईचे राम मोहन यांचं रामायणावरचं अ‍ॅनिमेशन १९९३ मध्ये दिल्लीच्या चित्रपट महोत्सवात दाखवलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये ते आपल्याकडे थिएटरात आलं. त्यातले राम आणि हनुमान पाहा. राम पाय रोवून उभा राहतो, नेम धरतो, मग बाण सोडतो. हनुमानाचं सगळं उलट! उडी, झेप, अंगाची ताकद. दोघेही उड्याच मारू लागले तर पडद्यावर नुसता गोंधळ दिसेल. एक स्थिर असतो म्हणून दुसऱ्याचा वेग डोळ्यांत भरतो.

वाल्मीकींच्या युद्धकांडात रावण रथात आणि राम जमिनीवर असतो, तेव्हा हनुमान त्याला पाठीवर घेतो. पळणं एकाचं, बाण दुसऱ्याचे!

विरारच्या आमच्या संस्कारवर्गात आया तक्रार करतात, ‘थोरला किती चपळ, ही मात्र ढिम्म.’ अहो, ती नेम धरत असेल! अशाच एका अबोल पोरीला नाटुकल्याचे सगळे संवाद पाठ असतात. स्टेजवरची धिटुकली पोरं विसरली की विंगेतून तीच सांगते.

तेव्हा मैत्रिणींनो, या सुट्टीत तुलना बंद. दोघा भावंडांना मिळून एक काम द्या आणि कोण काय उचलतंय, ते नुसतं बघा.