शेवटच्या टप्प्याचे भाडे

इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलचे दोन प्रकार आहेत. पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचत नाहीत, हे त्या दोहोंतल्या फरकावर ठरते. पहिल्या प्रकारात दोन्ही टोकांना इंटरनेट असते: सोलापुरातली आजी आणि न्यू जर्सीतला नातू, दोघेही व्हॉट्सॲपवर. दुसऱ्या प्रकारात एकाच टोकाला इंटरनेट असते: नातू एखाद्या ॲपमधून ०२१७ चा घरचा लँडलाइन क्रमांक लावतो. पहिला कॉल फुकट, दुसऱ्याला मिनिटामागे पैसे. अंतर तेच आणि इंटरनेटही तेच, मग हा भेद का, असे सोलापूरच्या एका वाचकाने विचारले आहे. प्रश्न मुळालाच हात घालणारा आहे.

एसटीडीच्या काळात दर अंतर आणि वेळ यांवर ठरे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरांची सोयरीक तेलंगणात, कुणाचे माहेर विजापूरला, कुणाची मुले पुण्यात. त्यामुळे या शहराला परगावचा फोन ही रोजची गरज होती. रात्री अकरानंतर दर पाव होई आणि पिवळ्या पाटीच्या बूथपुढे गर्दी होई. या दरामागे तांत्रिक कारण होते. कॉल लागला की दोन टोकांमधला एक मार्ग त्या दोघांसाठीच राखला जाई. दोघे गप्प बसले तरी तो मार्ग दुसऱ्या कुणाला मिळत नसे.

परदेशी कॉलचे गणित मात्र केवळ अंतराचे नव्हते. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम उपग्रह केंद्र सुरू झाले. तिथून निघालेला आवाज सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाई आणि तेवढेच अंतर खाली येई. प्रकाशाच्या वेगानेही या फेरीला पाव सेकंद लागे, म्हणून त्या काळी दोन्हीकडचे ‘हॅलो’ एकमेकांवर आदळत. लंडन असो की दुबई, उपग्रहाची फेरी जवळपास तेवढीच. तरीही दर चढे राहिले, कारण परदेशी कॉलची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती. ती १ एप्रिल २००२ पासून संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेट टेलिफोनीलाही मर्यादित परवानगी मिळाली.

इंटरनेटवर कुणासाठीच मार्ग राखलेला नसतो. आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा मोजणी होते. या आकड्यांचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात आणि सेकंदाला अशी ५० पाकिटे निघतात. प्रत्येकावर पत्ता असतो. ईमेल, सिनेमा आणि बँकेचे व्यवहार यांच्या गर्दीतूनच ती वाट काढतात. आवाज मुळीच न दाबता पाठवला तरी दोन्ही दिशांचा मिळून तासाला सुमारे ७२ एमबी डेटा लागतो. आजची ॲप तो दाबून याच्या निम्म्याहूनही कमी करतात. रोज दीड जीबी देणाऱ्या पॅकमध्ये हा खर्च जाणवतही नाही. पाकीट अक्कलकोटला गेले की अमेरिकेला, डेटा तेवढाच मोजला जातो. पहिला प्रकार फुकट वाटतो तो यामुळे.

दुसऱ्या प्रकारात हीच पाकिटे एका ठिकाणी इंटरनेट सोडून टेलिफोनच्या जाळ्यात शिरतात. तिथे ज्या कंपनीचा फोन वाजणार असतो ती कंपनी शेवटचा टप्पा पार करून देण्याचे शुल्क घेते. परगावाहून एसटीने यावे आणि स्टँडवरून घरापर्यंत रिक्षाचे भाडे वेगळे द्यावे, तसा हा प्रकार आहे. देशातल्या मोबाइल कॉलवर हे शुल्क २०१५ मध्ये मिनिटाला १४ पैसे होते. ऑक्टोबर २०१७ पासून ते ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आले. परदेशातून येणाऱ्या कॉलवर मात्र ते कायम राहिले: २०१५ मध्ये ५३ पैसे, फेब्रुवारी २०१८ पासून ३० पैसे आणि मे २०२० पासून ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान. नातवाच्या ॲपचा दर कितीही उतरला तरी या रकमेच्या खाली टिकू शकत नाही. वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर हेच: पैसे अंतराचे नाहीत, शेवटच्या टप्प्याचे आहेत.

हे शुल्क चुकवण्याचा एक बेकायदा मार्गही आहे. परदेशातून आलेली पाकिटे इथल्या एखाद्या खोलीत उतरवायची आणि यंत्रात बसवलेल्या ढीगभर सिमकार्डांतून स्थानिक कॉल म्हणून पुढे सोडायची. या यंत्राला सिम बॉक्स म्हणतात. कॉल परदेशातला असून पडद्यावर अनोळखी भारतीय क्रमांक दिसला, तर असा संशय घ्यायला जागा आहे. त्याची तक्रार ‘संचार साथी’ पोर्टलवर करता येते. यात सरकारी महसूल तर बुडतोच, शिवाय कॉल खरा कुठून आला याचा मागही लागत नाही. फसवणूक करणाऱ्यांना तेच हवे असते.

व्यवहारात निवड अशी करावी. देशांतर्गत कॉलसाठी इंटरनेट फोनने आता बचत होत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर अमर्याद कॉल पॅकमध्येच मिळू लागले, त्यामुळे सोलापूर–हैदराबाद बोलण्यासाठी साधा कॉलच बरा. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात रेंज पोहोचत नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करावे. ही सोय देशात डिसेंबर २०१९ पासून मिळू लागली. क्रमांक तोच राहतो आणि वेगळे ॲप लागत नाही. परदेशी कॉलसाठी दोन्हीकडे स्मार्टफोन असेल तर ॲप ते ॲप हाच मार्ग घ्यावा. घरी फक्त लँडलाइन किंवा बटणांचा फोन असेल, तर परदेशातल्या माणसाने भारतासाठीचा मिनिटाचा दर आणि महिन्याची ठरावीक रकमेची योजना यांचा हिशेब करावा. आठवड्यातून एकदाच बोलणाऱ्याला मिनिटाचा दर सहसा स्वस्त पडतो, रोज तासभर बोलणाऱ्याला योजना. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत. तिथे नोकरीला असलेल्यांनी सरकारमान्य ॲपच वापरावे आणि घरच्यांच्या फोनमध्येही तेच उतरवून द्यावे.

बचतीच्या भरात दोन गोष्टी सुटू नयेत. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला वीज एक्सचेंजमधून मिळे, म्हणून दिवे गेले तरी ती चालू राहत असे. फायबरवरचा फोन राउटरबरोबर बंद पडतो, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर असलेला बरा. दुसरे म्हणजे, ११२ हा मदतीचा क्रमांक व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून लागत नाही. म्हणून घरात वयस्कर माणसे असतील तिथे एक साधा फोन नेहमी चार्ज केलेला आणि रिचार्ज भरलेला असावा.