आरशात न दिसणारा फिटनेस

जिम लावून दीड महिना झाला की एक फेज येते. वजनाचा काटा ढिम्म हलत नाही, आरशात तेच पोट, तेच दंड. ‘कशाला सकाळची साखरझोप मोडायची?’ असं मन म्हणायला लागतं. माझंही म्हणत होतं. पण ऑफिसचे चार जिने चढताना पोटऱ्या पूर्वीसारख्या भरून येईनात. स्नायू तर तेवढेच, मग बदललं काय? शोधायला गेलो, तर उत्तर सापडलं रक्तवाहिन्यांत.

आपण निवांत बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. त्यातलं १५ ते २० टक्केच स्नायूंच्या वाट्याला येतं. जीव तोडून धावताना मात्र हा वाटा ८० टक्क्यांच्या घरात जातो, आणि एकूण रक्तही कैक पटीने जास्त. एवढा पुरवठा व्हायचा तर स्नायूंतल्या बारीक धमन्या पसरायलाच हव्यात. कामाला लागलेला स्नायू रसायनं सोडून तसा इशारा देतो. शिवाय धमनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. जोरात वाहणारं रक्त त्याला घासलं की ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि धमनीची भिंत सैलावते. या वायूचं शरीरातलं काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना १९९८चं नोबेल मिळालं.

आता खरी गंमत. नियमित व्यायाम केला, की पहिल्या काही आठवड्यांतच हे अस्तर आपलं काम आणखी चोख करू लागतं. पुढे सातत्य ठेवलं तर मोठ्या धमन्या मुळातच रुंदावतात, स्नायूंत नव्या केशवाहिन्या फुटतात. म्हणजे आधी सॉफ्टवेअर अपडेट, मग हार्डवेअर! आणि सायकल मारली पायांनी, तरी हाताच्या धमन्याही सुधारतात. हे सगळं चालू असतं ते नेमकं आपण ‘काहीच फरक नाही’ म्हणून जिम सोडतो तेव्हा. सोडलं की काही आठवड्यांत ही कमाई ओसरायला लागते, आणि तेही आरशात दिसत नाही.

आणखी एक व्हिलन म्हणजे आपली लाडकी खुर्ची. सलग तीन तास बसल्यावर मांडीतल्या मोठ्या धमनीची पसरण्याची ताकद घटते, हे प्रयोगांत दिसलंय. त्याच प्रयोगात दर तासाला पाच मिनिटं हळू चालणाऱ्यांची ताकद टिकून राहिली.

हार्टचा किंवा बीपीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी वजनाच्या काट्याला एवढा भाव देऊ नये. त्यापेक्षा जिने चढताना पाय काय सांगतात ते ऐका. आणि पुढचा लांबलचक कॉल आला की खुर्ची सोडा, फोन कानाला लावा आणि कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारा. बॉसला वाटेल, केवढा विचार करतोय!