जाहिरातीला जाब कोणी विचारावा?

जाहिरात ही वृत्तपत्राची अन्नदाती! आणि अन्नदात्याला जाब विचारणे किती अवघड, हे नोकरदार वाचकांना सांगावयास नको. तथापि हे काम वृत्तपत्रांनाच करावे लागते.

आमच्या जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, तरवडी नावाचे खेडे आहे. १९१० साली सुरू केलेले 'दीनमित्र' साप्ताहिक मुकुंदराव पाटलांनी या खेड्यातून दीर्घकाळ चालविले आणि सावकारी व भिक्षुकशाही यांच्यावर कोरडे ओढले. पण तो सावकार निदान गावाच्या ओळखीचा होता! आजचा भामटा आपल्या खिशातल्या फोनमध्ये बसतो, आणि त्याला तेथे जागा भाड्याने देणारी कंपनी असते सातासमुद्रांपलीकडे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये 'रॉयटर्स' वृत्तसंस्थेने फेसबुकच्या मालक 'मेटा' कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणली. २०२४ च्या उत्पन्नातील सुमारे १० टक्के, म्हणजे १,६०० कोटी डॉलर, फसव्या योजनांच्या आणि निषिद्ध मालाच्या जाहिरातींतून येतील, असा कंपनीचाच अंदाज त्यांत होता. जाहिरातदार लबाड असल्याची ९५ टक्के खात्री पटली, तरच त्याला बंदी. संशय त्याहून कमी असेल, तर दर मात्र चढा! हा अंदाज ढोबळ आणि फुगलेला होता, असे कंपनीने सांगितले. पण सांगावे तर लागले!

आपल्याकडे १९५४ पासून चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. तरीही २०२४ साली पतंजली कंपनीला सर्वोच्च न्यायालयाच्या बडग्याने ६७ वृत्तपत्रांतून माफी छापावी लागली. छापील जाहिरातीचे एक बरे असते: ती सर्वांना सारखीच दिसते आणि ग्रंथालयाच्या फायलीत राहते. फोनवरची जाहिरात मात्र तुम्हांला एक, शेजाऱ्याला दुसरी. आणि उद्या दोन्ही गायब! मग बातमीदाराने पुरावा आणावा कोठून?

तो आपल्याच घरी असतो. आजोबांच्या फोनवर दामदुपटीचे आमिष झळकले, तर हसून सोडू नका. पडद्याचे चित्र टिपा, तारीख-वेळ नोंदवा आणि ते वृत्तपत्राकडे धाडा. शिवाय वर्गणी वेळेवर भरा. अन्नदाता वाचक असेल, तरच संपादकाची लेखणी जाहिरातदारापुढे अडखळणार नाही.