घरच्या घरीं चाचणी

संशोधन म्हटलें म्हणजे प्रयोगशाळा, पांढरा डगला व हातीं घड्याळ घेतलेला तज्ज्ञ असें चित्र आमच्या बालवाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु अलीकडे तज्ज्ञ आपल्या जागीं राहून चाचणीचें साहित्यच लोकांच्या घरीं धाडूं लागले आहेत. या रीतीचे गुणदोष पाहावयास इंग्लंडांतील एक उदाहरण घेऊं.

कोरोनाच्या साथींत, मे २०२० मध्यें, लंडनच्या इंपीरियल कॉलेजानें 'रिअ‍ॅक्ट' नांवाची पाहणी आरंभिली. चिठ्ठ्या टाकाव्या त्या रीतीनें पांच वर्षांवरील माणसें निवडून, होकार देणाऱ्यांच्या घरीं कापसाची काडी पाठविण्यांत आली. ती ज्यानें त्यानें आपल्या घशांत व नाकांत फिरवावयाची. लहान मुलांचें हें काम आईबापांचें. मार्च २०२२ पर्यंत अशा १९ फेऱ्या झाल्या. एकट्या पहिल्या फेरींत लाखाहून अधिक नमुने तपासले गेले. दवाखान्यांत जातो तो बहुधा आजारी. येथें मात्र ज्यांस कसलाच त्रास नव्हता अशा पुष्कळांच्या अंगीं रोग सांपडला. साथ खरोखर किती पसरली आहे, हें दवाखान्याच्या दारांत बसून कधींच कळलें नसतें.

आतां दुसरी बाजू. निमंत्रितांपैकीं पहिल्या फेरींतही शेंकडा सुमारें तीसच लोकांनीं नमुने दिले, व पुढें तें प्रमाण घटत गेलें. गरीब वस्त्यांतून प्रतिसाद कमी आला. ही उणीव गणितानें कांहींशी भरून काढतां येते. पण काडी नीट फिरली कीं नाकाच्या शेंड्याला शिवून परत आली, हें कोणतें गणित सांगणार?

ही शंका आम्हांस केवळ वाचनानें आलेली नाहीं. गेल्या वर्षीं आम्हीं नववीच्या मुलांस सकाळीं अंथरुणांतच नाडीचे ठोके मोजून आणावयास सांगितले. बत्तीस वह्यांपैकीं अकरांत आंकडा ७२! पुस्तकांत तोच छापलेला आहे. (कांहीं आंकडे वडिलांच्या अक्षरांत होते, हेंही नमूद करितों.) एकानें मात्र लिहिलें होतें, "९४. उठल्यावर विसरलों, धांवत आल्यावर मोजली." प्रयोगास तो आंकडा निरुपयोगी, तरी ती ओळ आम्हीं वर्गांत वाचून दाखविली.

मग शाळेंतच मोजणी कां घेतली नाहीं? कारण मास्तर समोर उभे असतां नाडी जलद चालते. डॉक्टरांपुढें कित्येकांचा रक्तदाब असाच चढतो, व घरीं घेतलेलें माप अधिक खरें ठरतें.

यंदां पुन्हां तीच मोजणी आहे. आंकड्याशेजारीं वेळ व मोजणाऱ्याचें नांव लिहावयाचें; मोजणें राहून गेलें असल्यास तेंही लिहावयाचें.