विज्ञानकथामालिकेतील ‘सर्वांत दुबळे पुस्तक’ : ‘ड्यून’विषयीच्या वाचकवादाचे निकष

सारांश

फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या विज्ञानकादंबरी-मालिकेतील सहा पुस्तकांपैकी सर्वांत दुबळे कोणते, हा वाद तिच्या चाहत्यांमध्ये अनेक दशके चालू आहे. या वादात ‘दुबळे’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो आणि म्हणूनच तो मिटत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अपेक्षाभंग, रचनेतील उणीव आणि मालिकेच्या एकूण आराखड्यातील स्थान हे तीन निकष वेगळे करून येथे चार पुस्तकांवरील आक्षेप तपासले आहेत. साहित्याच्या अध्यापनात या तपासणीचा काय उपयोग होऊ शकतो, याचाही शेवटी विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विज्ञानकादंबरी, कादंबरीमालिका, अपेक्षाक्षितिज, रसविघ्न, वाचकसमीक्षा.

१. प्रस्तावना

लोकप्रिय मालिकेतील सर्वांत चांगले पुस्तक कोणते, हे सांगताना वाचक प्रायः आपल्या आनंदाविषयी बोलतो. सर्वांत दुबळे पुस्तक कोणते, हे सांगताना मात्र त्याला कारण द्यावे लागते. ज्याला मालिका मुळातच आवडत नाही, तो या वादात पडत नाही; वाद घालणारे सारे तिचे चाहतेच असतात. पुस्तके त्यांनी एकाहून अधिक वेळा वाचलेली असतात, तपशील त्यांना मुखोद्गत असतात आणि तरीही त्यांचे निर्णय परस्परविरोधी असतात. एकाच जाणकार समूहात असा टोकाचा मतभेद का निर्माण होतो, हा साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. केवळ ‘आवडीनिवडीचा प्रश्न’ म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही.

२. मालिकेची पार्श्वभूमी

१९५७ साली हर्बर्ट हे अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या किनाऱ्यावर, फ्लॉरेन्स या गावाजवळ, सरकत्या वाळूच्या टेकड्या गवत लावून कशा थोपविल्या जातात याविषयी लेख लिहिण्याच्या निमित्ताने गेले होते. तो लेख प्रसिद्ध झाला नाही. मात्र त्या सामग्रीतून अराकिस या वाळवंटी ग्रहाची कल्पना साकार झाली. ‘ॲनालॉग’ मासिकातून १९६३ ते १९६५ या काळात कथानक क्रमशः प्रसिद्ध झाले. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर, मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन या संस्थेने १९६५ मध्ये ‘ड्यून’ ग्रंथरूपाने प्रकाशित केली. १९६६ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार विभागून मिळाला. उत्कृष्ट कादंबरीसाठीचा पहिला नेब्युला पुरस्कारही तिलाच लाभला.

पुढे हर्बर्ट यांनी ‘ड्यून मेसाया’ (१९६९), ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’ (१९७६), ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’ (१९८१), ‘हेरेटिक्स ऑफ ड्यून’ (१९८४) आणि ‘चॅप्टरहाउस : ड्यून’ (१९८५) ही पाच पुस्तके लिहिली. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. १९९९ पासून त्यांचे पुत्र ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन जे. अँडरसन यांनी मालिकेत अनेक पुस्तकांची भर घातली; त्यांतील ‘हंटर्स ऑफ ड्यून’ (२००६) आणि ‘सँडवर्म्स ऑफ ड्यून’ (२००७) या दोन पुस्तकांनी सहाव्या पुस्तकाचे अपुरे राहिलेले कथासूत्र पूर्ण केले.

या वादातील पहिला मतभेद येथेच उद्भवतो. नंतरची पुस्तके मालिकेत धरली तर अनेक जुने वाचक त्यांच्याकडेच बोट दाखवतात आणि चर्चा लगेच संपते. परंतु तेथे पुस्तकाच्या गुणवत्तेपेक्षा लेखकत्वाचा अधिकार हा मुद्दा निर्णायक ठरतो. तो स्वतंत्र विषय असल्याने प्रस्तुत लेख मूळ सहा पुस्तकांपुरता मर्यादित ठेवला आहे.

३. अपेक्षाभंगाचा निकष : ‘ड्यून मेसाया’

पहिल्या कादंबरीत पॉल अट्रायडीज हा सरदारपुत्र पित्याच्या हत्येनंतर वाळवंटात आश्रय घेतो, तेथील फ्रेमेन लोकांचा नेता व प्रेषित बनतो आणि अखेरीस सम्राटाला नमवून सिंहासन मिळवितो. वंचित राजपुत्राला राज्य परत मिळण्याची ही कथा जगातील बहुतेक सर्व समाजांना परिचित आहे. अन्याय, वनवास, साधना आणि विजय हे तिचे टप्पे वाचकाच्या अंगवळणी पडलेले असतात.

‘ड्यून मेसाया’ ही कथा बारा वर्षांनंतर पुढे नेते. पॉलच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात एकसष्ट अब्ज माणसे मारली गेली आहेत, नव्वद ग्रह निर्जीव झाले आहेत आणि चाळीस धर्मांचे अनुयायी नामशेष झाले आहेत. हा हिशेब स्वतः पॉलच्याच तोंडी येतो. युद्ध मात्र वाचकाला प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतात ती दरबारातील कारस्थाने, भविष्य दिसत असूनही ते टाळू न शकणारा सम्राट, त्याचे अंधत्व, चानीचा प्रसूतीत झालेला मृत्यू आणि शेवटी फ्रेमेन रूढीनुसार अंध पॉलचे एकट्याने वाळवंटात निघून जाणे.

या पुस्तकाला सर्वांत दुबळे ठरविणाऱ्यांचे आक्षेप साधारणतः तीन आहेत : घटना कमी आहेत, संवाद फार आहेत आणि नायक हतबल आहे. यांतील तिसरा आक्षेप सर्वांत जुना होय. ‘ॲनालॉग’चे संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्बेल यांनी पहिली कादंबरी छापली होती. दुसरी मात्र त्यांनी नाकारली. पराक्रमी नायकाची अशी परिणती त्यांना मान्य नव्हती. अखेर १९६९ मध्ये ती ‘गॅलेक्सी’ मासिकातून प्रसिद्ध झाली. चाहत्यांच्या वादातील एक बाजू अशा रीतीने पुस्तक प्रकाशित होण्यापूर्वीच एका संपादकाने मांडलेली होती.

जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. वाचक कोऱ्या मनाने पुस्तक उघडत नाही. पूर्वी वाचलेल्या कृतींनी त्याच्या अपेक्षांची एक कक्षा निश्चित केलेली असते. मालिकेत तर ही कक्षा त्याच लेखकाच्या आधीच्या पुस्तकाने घडविलेली असते. नवी कृती ही कक्षा ओलांडते तेव्हा ती प्रथम नाकारली जाण्याचा संभव अधिक असतो. मात्र कृती आणि अपेक्षा यांतील हे अंतर दोषाचेच लक्षण असते असे नाही. याउस यांच्या मते ते कलात्मक मूल्याचेही गमक ठरू शकते.

हर्बर्ट यांनी १९८० मध्ये ‘ऑम्नी’ मासिकातील लेखात आपला हेतू स्पष्ट केला आहे. पहिली तीन पुस्तके त्यांनी एकत्रितपणे कल्पिली होती आणि पुढील दोन पुस्तकांचे काही भाग ‘ड्यून’ पूर्ण होण्याआधीच लिहिले गेले होते. मानवसमाजाने स्वतःला महानायकाच्या हाती सोपविणे विनाशकारी असते, हे त्यांना सांगावयाचे होते. पहिल्या पुस्तकातही याच्या खुणा आहेत. येणाऱ्या धर्मयुद्धाची भीती पॉलला सतत ग्रासत असते. तथापि विजयाच्या कथेचा वेग इतका प्रबळ आहे की त्या खुणा वाचकाच्या नजरेतून निसटतात. १९८४ मधील डेव्हिड लिंच यांच्या चित्रपटाने तर पॉलच्या विजयानंतर अराकिसवर पाऊस पाडून त्याला खराखुरा त्राता ठरविले. याउलट डेनी विलनव यांच्या २०२४ मधील चित्रपटाच्या शेवटी चानी पॉलकडे पाठ फिरवून निघून जाते. दुसऱ्या पुस्तकाचा आशय येथे दिग्दर्शकाने पहिल्या कथेच्या शेवटातच आणून ठेवला आहे.

यावरून असे म्हणता येईल की, ‘ड्यून मेसाया’वरील रोष हा बऱ्याच अंशी नायक हिरावून घेतला गेल्याचा रोष आहे. ज्या मोहाविषयी पुस्तक सावध करते, त्याच मोहातून त्यावरील मुख्य आक्षेप जन्म घेतो. अर्थात, म्हणून सर्व आक्षेप फेटाळणे योग्य ठरणार नाही. एवढा मोठा नरसंहार केवळ आकड्यांत सांगितल्यामुळे त्याची भीषणता वाचकाला पुरेशी जाणवत नाही, ही उणीव अपेक्षाभंगाने समजावून सांगता येत नाही. ती रचनेची उणीव आहे.

४. रचनेचा निकष : ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’

तिसऱ्या पुस्तकावर फारसा वाद होत नाही. पहिल्या दोहोंचे धागे जुळविणारा दुवा म्हणून ते स्वीकारले जाते. खरा तट पडतो तो चौथ्या पुस्तकापाशी. अनेक चाहते त्याला मालिकेचा कळस मानतात, तर अनेकांचे वाचन तेथेच थांबते. पॉलचा पुत्र लेटो येथे वालुकाकृमीच्या देहात रूपांतरित होत, साडेतीन हजार वर्षे राज्य करीत आहे. मानवजात पुन्हा कधीही एका शासकाच्या मुठीत सापडू नये, म्हणून तो तिला दीर्घकाळ दडपून ठेवतो. दडपणाला विटलेली माणसे एक दिवस विश्वात दूरवर विखुरतील, अशी त्याची योजना आहे. कादंबरीचा बराच भाग त्याच्या रोजनिशीने आणि त्याने कारभारी मोनिओ, डंकन आयडाहो, सिओना व ह्वी नोरी यांच्याशी केलेल्या संभाषणांनी व्यापला आहे.

येथील आक्षेपांचे स्वरूप वेगळे आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दोन येथे मार्गदर्शक ठरतात. पहिले संभावनाविरह, म्हणजे जे घडते ते संभवनीय न वाटणे. माणसाचा कृमी होणे हे काही वाचकांना मुळातच पटत नाही आणि पुढचे सारेच त्यांच्यापासून दूर राहते. दुसरे अप्रधानता, म्हणजे जे गौण असावे त्याने प्रधानाची जागा घेणे. राजनीती, धर्म आणि सत्ता यांविषयीचे चिंतन कथेला आधार देण्याऐवजी कथेलाच मागे सारते, ही तक्रार नेमकी अप्रधानतेची आहे.

परंतु प्रधान काय हे कोणी ठरवायचे, असा प्रतिप्रश्न या पुस्तकाचे समर्थक विचारतात. हजारो वर्षे जगलेल्या आणि पुढचे सर्व दिसणाऱ्या शासकाच्या जीवनात उत्कंठेला वाव नसतो; त्याचा कंटाळा हाच कादंबरीचा विषय असेल तर संथपणा हे तिचे रूप ठरते. हा युक्तिवाद विचारार्ह आहे; मात्र तो सर्वच ठिकाणी लागू पडत नाही. लेटोचे काही विचार एकाहून अधिक प्रसंगी जवळजवळ त्याच स्वरूपात पुन्हा येतात. कंटाळ्याचे चित्रण आणि कंटाळवाणे चित्रण यांतील सीमारेषा तेथे पुसट होते. तरीही लेटोची शोकांतिका या एकाच पुस्तकात आरंभापासून अंतापर्यंत पूर्ण होते, हे त्याचे मोठे बळ आहे.

५. आराखड्याचा निकष : शेवटची दोन पुस्तके

‘चॅप्टरहाउस : ड्यून’ला दुबळे म्हणणारे वाचक त्याच्या अधांतरी शेवटाकडे निर्देश करतात. डंकन, शियाना आणि त्यांचे सोबती अज्ञात अवकाशात निसटतात आणि कथा तेथेच थांबते. हर्बर्ट यांच्या पत्नी बेव्हर्ली यांचे १९८४ मध्ये दीर्घ आजाराने निधन झाले. पुस्तकाच्या अखेरीस त्यांना वाहिलेली श्रद्धांजली आहे. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरात लेखकही गेला. मृत्यूने तोडलेल्या आराखड्याचा दोष पुस्तकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

तिन्ही निकष एकत्र लावले असता प्रस्तुत लेखिकेच्या मते ‘हेरेटिक्स ऑफ ड्यून’ हे सर्वांत दुबळे पुस्तक ठरते. लेटोच्या मृत्यूनंतर पंधराशे वर्षांनी ते सुरू होते. मानवजात विखुरली असल्याने चौथ्या पुस्तकाचे उद्दिष्ट येथे सफल झालेले आहे. म्हणून नवा संघर्ष उभा करण्यासाठी बाहेरून शत्रू आणावा लागतो. ऑनर्ड मेट्रेस या स्त्रियांच्या संघटनेची सत्ता लैंगिक गुलामगिरीवर आधारलेली दाखविली आहे. पूर्वीच्या पुस्तकांत पाणी, मसाला, धर्म आणि भविष्यज्ञान यांतून सत्ता कशी उभी राहते, याचे जे सूक्ष्म विवेचन होते, त्यापुढे ही कल्पना उथळ वाटते. तसेच ज्या ग्रहाभोवती मालिका फिरली, त्याचा विध्वंस प्रत्यक्ष न दाखविता अखेरीस घाईने उरकला आहे. वृद्ध सेनानी माइल्स टेग हे हर्बर्ट यांच्या उत्तम व्यक्तिरेखांपैकी एक आहे, हे मान्य करूनही हा निर्णय बदलत नाही.

६. अध्यापनातील उपयोजन

‘मला आवडले नाही’ आणि ‘हे दुबळे आहे’ या दोन विधानांतील फरक वर्गात व्याख्येने शिकविता येत नाही. विद्यार्थी पहिल्या विधानाने आरंभ करतो आणि परीक्षेत दुसरे विधान समीक्षाग्रंथांतून उसने घेतो. या दोहोंमधला प्रवास त्याने स्वतः केलेलाच नसतो. आपल्या आवडत्या मालिकेतील दुबळे पुस्तक निवडून त्याचे समर्थन करण्यास सांगितले असता तो प्रवास त्याला करावाच लागतो. अध्यापकाने त्यास केवळ तीन प्रश्न विचारावेत : पुस्तकाने तुमची कोणती अपेक्षा मोडली? ती अपेक्षा बाजूला ठेवली तर कोणती उणीव शिल्लक राहते? हे पुस्तक वगळले तर मालिकेचे काय बिघडते? तिसऱ्या प्रश्नापाशी अनेकदा मत बदलते. ‘ड्यून मेसाया’ वगळली, तर ‘ड्यून’ ही एका विजयी त्रात्याची कथा होऊन बसते; म्हणजेच पहिल्या पुस्तकाचाच अर्थ उलटतो.

७. निष्कर्ष

१. ‘सर्वांत दुबळे पुस्तक’ या वादातील मतभेद हे पुष्कळदा निकषांतील मतभेद असतात. निकष उघड केले असता त्यांतील बरेचसे निवळतात, काही मात्र उरतात आणि तेच खरे वाङ्मयीन मतभेद होत.

२. अपेक्षाभंग हा वाचनातील महत्त्वाचा अनुभव आहे. परंतु तो कृतीच्या दोषाचा पुरावा नव्हे. ‘ड्यून मेसाया’च्या बाबतीत तो कृतीच्या आशयाचाच भाग आहे.

३. मालिकेतील पुस्तकाचे मूल्यमापन सुटे करता येत नाही. नंतरचे पुस्तक आधीच्या पुस्तकाचा अर्थ बदलू शकते. त्यामुळे दुबळे ठरविलेले पुस्तकही मालिकेला अपरिहार्य असू शकते.

४. चाहत्यांची चर्चा ही अनौपचारिक असली तरी समीक्षाच आहे. तिला परिभाषेची जोड देणे आणि तिच्यातील थेटपणा स्वतः आत्मसात करणे, हे दोन्ही साहित्याच्या अध्यापकाच्या कक्षेतील कार्य आहे.