लोणी परदेशी, मार्गारीन घरी

१९१४ साली युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला, तेव्हा डेन्मार्क हा लहानसा देश तटस्थ राहिला. लढणाऱ्या राष्ट्रांना अन्न हवे होते आणि डेन्मार्कजवळ ते विपुल होते. इंग्लंड आणि जर्मनी दोघेही गिऱ्हाईक, मालाला उठाव आणि भाव चढते. व्यापारात असा योग क्वचितच जुळून येतो. नेमक्या त्याच वर्षांत कोपनहेगनच्या रुग्णालयात दृष्टी गमावू लागलेली लहान मुले अधिकाधिक संख्येने येऊ लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे ध्यानात यायला काही काळ जावा लागला.

डेन्मार्क मुळात धान्य पिकवणारा देश. १८७० नंतर अमेरिकेतील स्वस्त धान्य युरोपच्या बंदरांत उतरू लागले आणि तेथील शेतकऱ्याचा भाव कोसळला. डॅनिश शेतकऱ्याने धंदाच बदलला. त्याने गाई पाळल्या, १८८२ पासून गावोगावी सहकारी दुग्धशाळा उभ्या केल्या, आणि तीस वर्षांच्या आत डॅनिश लोणी इंग्रजांच्या न्याहारीत जाऊन बसले. दुग्धशाळेत यंत्राने साय निराळी काढली जाई, तिचे लोणी होऊन जहाजावर चढे, आणि साय काढलेले दूध शेतकऱ्याला परत मिळे. ते जनावरांना घातले जाई. गरिबाघरी मुलांच्या पेल्यातही तेच येई. पावाला लावण्यासाठी लोण्याऐवजी मार्गारीन आले. महाग वस्तू विकावी आणि स्वस्त वस्तूवर घर चालवावे, यात हिशेबाची चूक काढता येणार नाही. कोणत्याही पेढीवर हाच सल्ला मिळाला असता.

मार्गारीन ही फ्रान्सची देणगी. नेपोलियन तिसरा याच्या काळात लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता. मेज-मूरिएस नावाच्या रसायनज्ञाने १८६९ मध्ये तो गुरांच्या चरबीपासून तयार केला. पुढे त्यात वनस्पती तेले येत गेली. दिसायला लोण्यासारखे, लोण्याइतकीच ऊर्जा देणारे आणि किमतीने कमी. त्या काळच्या समजुतीप्रमाणे स्निग्ध पदार्थ म्हणजे शरीराच्या भट्टीतील कोळसा, आणि कोळसा कोणत्याही खाणीचा असला तरी जळतो. मग लोणी आणि मार्गारीन यांत भेद कशाला करायचा?

तो भेद कार्ल ब्लॉख या कोपनहेगनच्या बालरोगतज्ज्ञाला मुलांच्या डोळ्यांत दिसला. आधी अंधारात दिसेनासे होई, मग डोळ्याचा ओलावा आटे, बुबुळावरील पडदा निस्तेज होई आणि अखेरीस विरघळून जाई. वैद्यकात या विकाराला झेरोफ्थॅल्मिया म्हणतात. ब्लॉख केवळ डोळे पाहून थांबला नाही. हीच मुले खोकल्याने, फुप्फुसाच्या दाहाने, कानातील पुवाने आणि त्वचेवरील गळवांनी वारंवार आजारी पडत, आणि इतर मुले ज्या आजारातून सहज उठत त्यात ही मुले दगावत, अशी त्याची नोंद होती. एका अनाथाश्रमातील दोन विभाग त्याने तपासले. एकातील मुलांना सायीसकट दूध मिळे. दुसऱ्यातील मुलांना साय काढलेले दूध, ओटची लापशी आणि मार्गारीन. दुसऱ्या विभागातील निम्म्या मुलांचे डोळे बिघडले, पहिल्यातील एकाचेही नाही. छप्पर एक, हवा एक. फरक तेवढा सायीचा.

यानंतर जे घडले ते एखाद्या प्रयोगासारखे आहे, पण तो कोणी ठरवून केला नव्हता. १९१७ मध्ये जर्मनीच्या पाणबुड्यांनी समुद्रमार्ग रोखले आणि डॅनिश लोण्याची निर्यात आटली. वर्षअखेरीस सरकारने लोण्याचे रेशनिंग केले. आठवड्याला माणशी अडीचशे ग्रॅम लोणी, तेही परवडेल अशा भावाने, गरिबाच्या घरीही पोहोचू लागले. १९१८ साली झेरोफ्थॅल्मियाचे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. १९१९ मध्ये रेशनिंग उठले, लोणी पुन्हा महागले, आणि आजार परतला. देशाचा व्यापार बुडाला त्या वर्षी मुलांचे डोळे वाचले, असा हा उलटा ताळेबंद आहे.

याची शास्त्रीय किल्ली तोवर अमेरिकेत सापडलेली होती. १९१३ मध्ये विस्कॉन्सिन येथे मॅककॉलम आणि मार्गारीट डेव्हिस यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की इतर आहार सारखाच ठेवून डुकराची चरबी किंवा ऑलिव्हचे तेल दिले तर उंदरांची वाढ खुंटते, आणि लोण्यातील स्निग्धांश दिला की ती पुन्हा सुरू होते. त्या स्निग्धांशात विरघळलेला जो अदृश्य घटक होता, त्याला पुढे अ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. १९२८ मध्ये इंग्लंडच्या ग्रीन आणि मेलॅन्बी यांनी त्याला संसर्गविरोधी जीवनसत्त्व असेच संबोधले.

रोगप्रतिकारशक्ती म्हटले की रक्तातील पांढऱ्या पेशींची फौज डोळ्यांपुढे येते. परंतु गढीचे रक्षण आधी तटबंदी करते. नाक, घसा, श्वासनलिका आणि आतडे यांच्या आतील ओलसर अस्तर ही आपली तटबंदी. ते अस्तर ओले आणि चिकट राहावे, त्यातील पेशी वेळच्या वेळी बदलाव्यात, यासाठी अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की अस्तर कोरडे आणि खरखरीत होते. डोळ्यात जे वरून दिसते तेच छातीत आणि पोटात न दिसता घडत असते. शिवाय आतड्याच्या पहाऱ्यावर कोणत्या पांढऱ्या पेशींनी जावे, ही आज्ञाही याच जीवनसत्त्वापासून बनणारा एक पदार्थ देतो. ड आणि ई ही जीवनसत्त्वेही स्निग्धांशात विरघळणारी, आणि त्यांचाही या बंदोबस्तात वाटा आहे.

हा सारा विषय युरोपातील जुन्या युद्धापुरता राहिला नाही. १९८६ मध्ये इंडोनेशियातील आचे प्रांताच्या साडेचारशे गावांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्फ्रेड सोमर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने अ जीवनसत्त्वाची मात्रा दिली, आणि त्या गावांतील बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. १९९० मध्ये तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या परिसरात आठवड्याला अगदी अल्प, म्हणजे आहारातूनही मिळू शकेल एवढीच मात्रा देण्यात आली. तेथे घट ५४ टक्के होती. त्याच वर्षी हैदराबादच्या परिसरातील अभ्यासात मात्र असा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या आहारात उणीव आहे त्याला भरपाईचा उपयोग होतो; ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याला अधिक घेऊन अधिक बळ येत नाही. उलट अ जीवनसत्त्व यकृतात साठत राहते आणि अतिरेक झाल्यास अपाय करते. गर्भवती स्त्रीने त्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे तर धोक्याचे आहे.

जैन स्वयंपाकघराशी या विषयाची गाठ थोडी निराळ्या प्रकारे पडते. मासळीचे तेल आणि अंडी, जी पाश्चात्य पुस्तकांत पहिल्या ओळीत येतात, ती येथे नाहीत. गाजर आणि रताळे कंदमुळांत गेले. चातुर्मासात अनेक घरी पालेभाजीही वर्ज्य असते. लोणी तर अभक्ष्यच. ते निघताक्षणी कढवून तूप करण्याचा प्रघात आहे. सुदैवाने कढवल्याने अ जीवनसत्त्वाचा मोठा भाग नष्ट होत नाही. तेव्हा तयार अ जीवनसत्त्वासाठी दूध आणि तूप हाच मुख्य आधार उरतो, आणि त्याच्या जोडीला लाल भोपळा, पपई, आंबा यांतील पिवळे-केशरी रंगद्रव्य, ज्यापासून शरीर स्वतः अ जीवनसत्त्व तयार करते. हे रंगद्रव्य आतड्यात शोषले जाण्यासाठी सोबत थोडा स्निग्धांश लागतोच. अमेरिकेतील एका अभ्यासात तेलाचा थेंबही नसलेले सॅलड खाणाऱ्यांच्या रक्तात हे रंगद्रव्य जवळजवळ उतरलेच नाही. आमरसात तूप सोडण्याची रीत ज्या आजीने घातली, तिने हा अभ्यास वाचला नव्हता. उन्हाळ्यात जमलेली ही शिल्लक यकृत पुढे काही महिने पुरवून वापरते, म्हणजे पालेभाजी बंद असते त्या पावसाळ्यातही तिचा उपयोग होतो.

खरी चिंता निराळ्याच ठिकाणी आहे. घरातील आजोबांना हृदयविकार होतो, डॉक्टर तूप कमी करावयास सांगतात, आणि सोयीसाठी साऱ्या घराचे तूप बंद होते. दूधही साय काढलेले येऊ लागते. सत्तरीच्या माणसाचे पथ्य दीड वर्षाच्या नातवाच्या वाटीत जाते. त्या वयात मेंदू आणि शरीर झपाट्याने वाढत असते आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला सायीसकट दूध द्यावे असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. एका तव्यावर दोन प्रकारच्या पोळ्या करणे गृहिणीला अवघड नाही. घरात कमी स्निग्धांशाचेच दूध येत असेल तर पिशवीवर निळ्या रंगातील ‘+एफ’ हे चिन्ह पाहावे. त्याचा अर्थ अ आणि ड जीवनसत्त्वे वरून मिसळली आहेत असा आहे. तेलाच्या पुड्यावरही ते असते.

तेलाचा हिशेब मात्र बहुतेक घरांत उलट्या बाजूने चुकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम दृश्य स्निग्धांश पुरेसा मानला आहे, आणि त्यात तूपही आले. दोन पुरुष आणि दोन स्त्रिया अशा घराला महिन्याला २ किलो ७०० ग्रॅम लागावेत. पंधरा किलोचा डबा अशा घरात साडेपाच महिने चालावयास हवा. तो किती चालतो, हे ज्याच्या त्याच्या वहीत आहे.

किती याच्याइतकेच कोणते हेही महत्त्वाचे. १९२९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्ण बंद करून पाहिला, तेव्हा त्यांची त्वचा खवल्यांची झाली. काही स्निग्धाम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, हे त्यातून कळले. ती दोन कुळांची: ओमेगा-सहा आणि ओमेगा-तीन. पांढऱ्या पेशींच्या आवरणात दोन्ही असतात. जंतू शिरला की पहिल्या कुळातून ताप, सूज आणि वेदना निर्माण करणारे निरोप निघतात. ते आवश्यकच आहेत. काम संपल्यावर फौजेला माघारी बोलावणारे निरोप मुख्यतः दुसऱ्या कुळातून येतात. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई आणि तीळ या तेलांत ओमेगा-तीन जवळजवळ नाहीच. मोहरी आणि सोयाबीन तेलात ते थोडे असते, अक्रोडात बरे, आणि जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास. शरीर त्यातील अल्प भागच पुढच्या उपयुक्त रूपात बदलू शकते, म्हणून जवस नित्याचा हवा. भाजून कुटलेल्या जवसाची चटणी, लसणाशिवायही, भाकरीबरोबर चांगली लागते. ती थोडी थोडीच करावी, कारण हे तेल लवकर खवट होते.

अखेरीस मार्गारीनच्या भारतीय भावंडाकडे वळावे लागते. वनस्पती तूप आपल्याकडे १९३० च्या दशकापासून तयार होऊ लागले. त्यात अ जीवनसत्त्व मिसळणे पुढे सक्तीचे झाले. तीळतेलाचा अंशही सक्तीचा होता, तो साजूक तुपातील भेसळ साध्या चाचणीत पकडता यावी म्हणून. परंतु तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत तयार होणाऱ्या ट्रान्स स्निग्धाम्लांकडे फार उशिरा लक्ष गेले. ती हृदयाला घातक आहेत आणि शरीरात मंद दाह वाढवतात. त्यांवर मर्यादा घालणारा पहिला देश डेन्मार्क, वर्ष २००३, मर्यादा एकूण स्निग्धांशाच्या दोन टक्के. भारताने हाच दोन टक्क्यांचा आकडा १ जानेवारी २०२२ पासून लागू केला.

फरसाणाच्या आणि मिठाईच्या व्यवसायातील कुटुंबांना याच्या जोडीचा आणखी एक नियम ठाऊक असेल. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. ती २५ टक्क्यांपलीकडे गेली की ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही. असे तेल पूर्वी कमी भावाने लहान गाडेवाल्यांना विकले जाई आणि रस्त्यावरच्या कढईत पुन्हा उकळे. आता ते जैवइंधनासाठी अधिकृत संकलकाकडे देण्याची व्यवस्था आहे, आणि तळणासाठी दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकाने त्याची नोंदवही ठेवायची आहे: तेल कोणते, आले किती, टाकले किती, आणि कोणाला दिले.