लस घेतलेल्यांनाच डांग्या खोकला जास्त होतो?

शाळेत डांग्या खोकल्याची साथ आली की कुणीतरी म्हणतंच, “लस घेतलेली मुलंच जास्त आजारी आहेत!” गंमत म्हणजे हे पुष्कळदा खरंही असतं. चुकतो तो हिशेब.

समजा, शाळेत २०० मुलं आहेत. १९० जणांची लस झालेली, १० जणांची राहिलेली. साथीत पहिल्यांतले १९ आजारी पडले, दुसऱ्यांतले ६. लसवाले तिप्पट! पण १९० पैकी १९ म्हणजे दहांत एक. १० पैकी ६ म्हणजे निम्म्याहून जास्त. हे झालं समजुतीपुरतं गणित. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९८७ ते १९९८च्या नोंदी तपासल्या, तेव्हा लशीतून सूट घेतलेल्या ३ ते १८ वर्षांच्या मुलांत हा आजार इतरांच्या जवळपास सहापट आढळला.

“‘हूप’ असा आवाज येत नाही, म्हणजे साधा खोकला” हा दुसरा गैरसमज. पहिले एक-दोन आठवडे नुसती सर्दी आणि किरकोळ खोकला असतो, मूल शाळेत जात असतं आणि नेमका तेव्हाच संसर्ग भराभर पसरतो. मग रात्री उबळ येते. एका श्वासात दहा-पंधरा ढासा, चेहरा लालबुंद, शेवटी ‘हूप’ करून आत ओढलेला श्वास, आणि जेवलेलं सगळं बाहेर. तान्ह्या बाळाला तर ‘हूप’ही जमत नाही, त्याचा श्वासच थांबू शकतो. घरात एकाला झाला, तर संरक्षण नसलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांना तो गाठू शकतो. दप्तराबरोबर तो पाळण्यापर्यंत येतो, तो असा.

कफ सिरपने हा जात नाही. अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तर आजार हलका होतो. उशिरा दिलं तर ढास थांबत नाही, फक्त दुसऱ्यांना होणारी लागण थांबते.

आणि “एकदा होऊन गेला, आता जन्माची काळजी मिटली”? तसंही नाही. आजाराने आलेली प्रतिकारशक्ती ओसरते, लशीचीही ओसरते. म्हणून तर दीड महिन्यापासूनच्या तीन डोसांनंतर १६ ते २४ महिन्यांत एक बूस्टर आणि मूल पाच-सहा वर्षांचं असताना दुसरा. हा दुसराच हमखास राहतो, कारण तोवर लसीकरणाचं कार्ड कपाटात कुठेतरी तळाशी गेलेलं असतं. ते आज शोधा. पाच वर्षांचा रकाना कोरा असेल, तर सरकारी केंद्रात ही लस मोफत मिळते.